काजळाचा डोळा

पार्सल जपानहून आलं होतं. आत भुशाऐवजी जपानी वर्तमानपत्राचे बोळे, आणि त्या बोळ्यांच्या मधोमध कागदाच्या लगद्याचा, सोललेल्या नारळाएवढा लाल बाहुला. हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं पोट आणि मिशीवालं रागीट तोंड. एक डोळा काळ्या शाईचा, गोल, नेमका. दुसरा पसरट, मळकट, कडेला ओघळून भुवईपर्यंत गेलेला. मी तो उचलून नाकाशी नेला आणि मला काकडीचा वास आला.

"आई, इट्स जस्ट ओल्ड पेपर," मुलगा म्हणाला.

असेल. आमच्या घरात माझ्या नाकावर आणि माझ्या गोष्टींवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. लग्नकार्यात जेवणं आटोपली, माणसं लोडाला टेकली की कोणीतरी म्हणतंच, "संगीताताई, ती जपानीकाकांची सांग." मग मी सांगते. युद्ध, भोंगे, मास्क, सगळं हातवारे करून सांगते. भाचरं हसून लोळतात. फक्त त्या दुसऱ्या डोळ्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची हिंमतच नव्हती. जन्मजात भित्री आहे मी, आणि हे बाहुल्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नसेल.

तेव्हा आम्ही कतीफला राहायचो. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव, खजुराच्या बागा आणि मासळीबाजार. बाबा तिथल्या इस्पितळात एक्स-रे काढायचे. दुमजली इमारत, खाली आम्ही चौघं: आई, बाबा, अकरा वर्षांची मी आणि दात येत असल्यानं सगळ्या जगावर चिडलेला वर्षाचा पिंट्या. वर टोकिवाकाका. त्यांच्या जपानी कंपनीचं काम दूर उत्तरेला, कुवेतच्या सीमेजवळ, समुद्रकाठी चालायचं. काकांचं ऑफिस मात्र आमच्या बाजूला. कोणाचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपत आलाय, कोणाचं विमानाचं तिकीट काढायचंय, कोणाच्या खोलीतला एसी गळतोय, ही सगळी उस्तवार त्यांच्याकडे. बायकोला आणि तान्ह्या मुलीला त्यांनी ऑगस्टमध्येच, कुवेतवर इराकचे रणगाडे आल्याबरोबर, जपानला पाठवून दिलं होतं. तेव्हापासून आई त्यांना दर शुक्रवारी जेवायला बोलवायची.

ते दारात चपला काढून, त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायचे. आई म्हणायची, "बघा, पळायची तयारी आधीच." त्यांना कळायचं नाही, तरी ते हसायचे. सुरमईचं कालवण त्यांना आवडायचं, सोलकढीला मात्र ते औषध समजून डोळे मिटून प्यायचे. येताना आंबट-खारट वाळवलेली फळं घेऊन यायचे. आईनं एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "लोणचंच आहे हो, पण कोणीतरी रागावून घातलेलं."

इंग्रजी ते तोडून तोडून बोलायचे, एकेक शब्द तपासून खाली ठेवल्यासारखं. पण माणसं त्यांना तोंडपाठ होती. घरमालक अबू हसनच्या सातही मुलांची नावं, इस्पितळातल्या मल्याळी नर्सच्या आईचं दुखणं, मला सातचा पाढा येत नाही ही गोष्टसुद्धा. बाबा म्हणायचे, "हा माणूस एक दिवस निवडणुकीला उभा राहणार बघ."

"गप्प बसा हो," आई म्हणायची. "बिचारा दुसरी पोळी मागायला लाजतो, मतं कसली मागतोय?"

आमचे देव कपाटात होते. तिथली रीत पाळायची तर देव उघड्यावर मांडायचे नाहीत. तेव्हा गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आईच्या साड्यांच्या खणात, पैठणी आणि इरकलीच्या मधल्या फटीत बसायचे. सकाळी कपाटाचं दार इतपत उघडायचं की आईचं डोकं आत जाईल, आणि तिथंच हळदकुंकू. उदबत्ती नाही, वास जिन्यात जातो. त्यामुळे माझ्या लहानपणच्या देवाला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. अजूनही कपाट उघडलं की माझे हात आपोआप जुळतात, मग आत नवऱ्याच्या पँटी का असेनात.

त्या हिवाळ्यात एकेक बिऱ्हाड गावाला गेलं. शाळेत बाकं रिकामी झाली, मग शाळाच बंद झाली. बाबांची रजा रद्द झाली होती आणि आई म्हणाली, जायचं तर चौघांनी. कुवेत सोडायला सद्दाम हुसेनला दिलेली मुदत जानेवारीत संपत होती. ती शब्द म्हणूनच घरात फिरायची, मुदत, मुदत, पाहुण्यासारखी. रेडिओवर हिंदी बातम्या लागल्या की बाबा हात वर करायचे आणि पिंट्यासुद्धा गप्प व्हायचा.

विषारी वायू सोडतील म्हणून एक खोली बंद करून ठेवायची होती. आम्ही कपाटाची खोली निवडली. देव तिथंच होते ना. खिडक्यांवर लावायला बाजारात प्लास्टिक उरलं नव्हतं, तेव्हा अबू हसननं आपल्या शेतातल्या काकडीच्या मांडवावरचं प्लास्टिक काढून आणून दिलं. "यल्ला, काकड्या पुन्हा येतील," तो म्हणाला. बाबांनी ते तपकिरी चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केलं. खोलीत ओल्या मातीचा आणि कोवळ्या काकडीचा वास भरून राहिला. भीतीला कसला वास असतो असं मला कोणी विचारलं तर मी काकडी सांगेन. कोशिंबीर करताना आजही मला मध्येच दाराकडे बघावंसं वाटतं.

मास्क मिळाले दोन, माणसं चार. "पिंट्याला काय पिठाची चाळणी लावू?" आई म्हणाली. हसली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ती हसली असती तर मीही हसणार होते.

मुदत संपायची होती त्या संध्याकाळी, मगरिबच्या अजाननंतर, टोकिवाकाका आमच्याकडे आले. शुक्रवार नव्हता. त्यांच्या हातात हा बाहुला होता, नुकताच एक डोळा काढलेला. शाई अजून ओली होती. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसतं पांढरं वर्तुळ.

"उद्या सकाळी मी वर जातो," ते म्हणाले. "सीमेजवळ आमची सोळा माणसं आहेत. बस घेऊन जातो, आणतो."

बाबा म्हणाले, "सगळं जग खाली येतंय टोकिवासाहेब, आणि तुम्ही वर?"

"सोळा माणसं," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तेवढं उत्तर पुरेसं होतं.

मग त्यांनी मला बाहुल्याचा नियम सांगितला. मनात एक इच्छा धरायची आणि एक डोळा काढायचा. बाहुला काणा ठेवायचा, वाट बघत. इच्छा पुरी झाली की दुसरा डोळा. त्याआधी नाही. त्यांच्या गावाकडे निवडणुकीला उभे राहणारेसुद्धा असंच करतात म्हणे, निवडून आले की सगळ्यांसमोर दुसरा डोळा काढतात. "त्याआधी नाही" म्हणताना त्यांनी बोट उभं केलं. ते बोट मी पुढची कैक वर्षं पाहिलं.

"वहिनी, तुमच्या देवांजवळ ठेवाल?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं पैठणी जरा सरकवली आणि बाहुल्याला गणपतीशेजारी बसवलं. "बस बाबा," ती त्याला म्हणाली. "सोळा माणसं आण म्हणजे डोळा मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते, प्लास्टिकच्या एका सुट्या कोपऱ्यातून बघत. बाहेर पांढरी बस उभी होती, इंजिन चालू, डिझेलचा धूर. काका पायरीशी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बांधली, उठले, पायरीवर पाय ठेवला, पुन्हा वाकले, नाडी सोडून पुन्हा बांधली. असं चार वेळा. मला वाटलं, जपानी माणूस किती व्यवस्थित! मग बस निघून गेली.

दुपारी आई पिंट्याला घेऊन आडवी झाली होती. बाबा ड्यूटीवर. मला आईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "भोंगा झाला की पळत कपाटाच्या खोलीत यायचं, संगे. इकडेतिकडे बघायचं नाही." म्हणजे आता जे काही व्हायचं ते त्या खोलीत होणार होतं आणि त्या खोलीत तो होता. कपाटाचं दार फटीएवढं उघडं होतं. फटीतून पांढरं वर्तुळ माझ्याकडे बघत होतं. दार लावलं तर कुरकुरून पुन्हा तेवढंच उघडायचं. मी उशी लावून पाहिली, खुर्ची लावून पाहिली. शेवटी वाटलं, या डोळ्याला बुबुळ असतं तर तो असा बघत बसला नसता.

आईची काजळाची चांदीची डबी पिंट्याच्या दुपट्ट्यापाशी होती. आई काजळ घरीच धरायची, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी घालून, वर कापराचा कण. मी करंगळी बुडवली आणि डोळा काढला.

काढल्याबरोबर ते उभं केलेलं बोट आठवलं. त्याआधी नाही.

मग ओल्या बोळ्यानं पुसायला गेले. काजळ आणखी पसरलं. जितकं पुसावं तितका डोळा मोठा होत चालला, आणि बाहुल्याचा चेहरा रागीटचा बदलून घाबरलेला झाला. एका डोळ्यानं शूर आणि दुसऱ्यानं भेदरलेला. मी त्याला पैठणीच्या पदरात गुंडाळून मागं ढकललं. कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत युद्ध सुरू झालं.

माझा तर्क अगदी सरळ होता. तेव्हाच्या माझ्या डोक्यात अमेरिका, इराक, तेल यांतलं काही नव्हतं. मी डोळा काढला आणि युद्ध सुरू झालं, इतकं स्वच्छ होतं सगळं. मोठेपणी त्या युद्धाबद्दल पुष्कळ वाचलं, पण इतकं पटणारं कारण पुन्हा कोणी दिलं नाही.

भोंग्याचा आवाज कसा होता हे मी लग्नकार्यात करून दाखवते. खरं तर तो तसा नव्हता. तो आधी पायांत यायचा, मग पोटात, आणि कानात सगळ्यात शेवटी. दाराच्या फटीला ओला टॉवेल. आईच्या तोंडावरचा मास्क, त्याच्या काचेत मीच दोनदा दिसायचे. पिंट्या तिच्या या नव्या तोंडाला बघून असा किंचाळायचा की शेवटी तिनं मास्क काढूनच टाकला. "मरू दे मेलं," म्हणाली, "पोरगं भीतीनंच जाईल," आणि पदर त्याच्या नाकाला लावून रामरक्षा म्हणू लागली. खिडकीच्या काचा थरथरत, प्लास्टिक आत-बाहेर श्वास घेई. आणि मी रामरक्षेच्या मधल्या प्रत्येक श्वासाला मनात म्हणे, टोकिवाकाका परत येऊ देत, मी पुन्हा कशालाच डोळा काढणार नाही.

सीमेजवळच्या गावावर तोफगोळे पडल्याचं बाबा इस्पितळातून ऐकून आले. तिकडचे फोन बंद. एक दिवस गेला, दुसरा गेला. टोकिवाकाकांच्या दारासमोरच्या चपला तशाच होत्या, टोकं बाहेरच्या दिशेला. मी जिन्यात जाऊन त्यांच्याकडे बघून यायचे. तिसऱ्या दिवशी आई आमटी ढवळता ढवळता थांबली आणि म्हणाली, "तान्ही मुलगी आहे हो त्यांना." मी न्हाणीघरात जाऊन करंगळी दगडानं घासली. नखात काळं होतं ते जाईना.

चौथ्या दिवशी दुपारी बस आली.

आधी आवाज आला, मग डिझेलचा वास, मग आई अनवाणी बाहेर धावली. बस धुळीनं पिवळी झाली होती, मागची एक काच नव्हती. आतून माणसं उतरत होती आणि टोकिवाकाका दाराशी उभे राहून प्रत्येकाचं नाव घेत होते. मोठ्यानं नाही, स्वतःशीच. सोळा नावं. सगळ्यात शेवटी ते आईसमोर आले आणि इतकं खाली वाकले की मला वाटलं, पुन्हा नाडी बांधताहेत.

"मेलं, जेवलात का?" आईनं मराठीतच विचारलं आणि रडायला लागली.

घरात आल्यावर तिनं कपाट उघडलं. मी पडद्यामागे. पैठणीचा पदर उलगडला आणि बाहुला बाहेर आला, त्या दोन डोळ्यांसकट.

"अगंबाई! हे कुणी केलं?"

टोकिवाकाकांनी बाहुला हातात घेतला. मग नाकाशी नेला. कापराचा वास आला असावा, कारण त्यांनी पिंट्याच्या काजळ भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिथून पडद्याखाली दिसणाऱ्या माझ्या पायांकडे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वेळ बरोबर आहे."

मला वाटलं, जपानी लोक सभ्य असतात.

त्यानंतरच्या आठवड्यांतलं फार आठवत नाही. दोरीवरच्या कपड्यांवर काळे कण पडायचे, जळत्या तेलविहिरींचे. काका त्या सोळा जणांना विमानात बसवून स्वतः सगळ्यांत शेवटी गेले. जाताना त्यांच्या हातात बाहुला होता आणि खिशात आईनं दिलेली सोलं.

मग दर जानेवारीला त्यांचं पोस्टकार्ड येऊ लागलं. पहिल्याच कार्डात लिहिलं होतं, कंपनी सोडली, गावी आलो, गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहतोय. बाबांनी ते कार्ड आईसमोर विजयी मुद्रेनं नाचवलं. गाव किनाऱ्यावरचं, समुद्रशेवाळ वाळवणाऱ्यांचं. काकांचे वडीलही तेच करायचे. कार्डावरच्या फोटोत काका एका छोट्या गाडीच्या टपावर उभे, पांढरे हातमोजे, अंगावर नावाचा पट्टा, बाजूला भोंगा. पुढच्या वर्षीचं कार्ड: "पडलो. प्रकृती उत्तम." काही वर्षांनी पुन्हा: "पुन्हा पडलो. मुलगी उंच झाली आहे."

दोन्ही वेळा मी मुकाट्यानं कार्ड पुस्तकात ठेवलं. पडणारच. नवस फुटलेला माणूस. आमच्या घरात फक्त मला माहीत होतं की जपानमधल्या एका गावच्या निवडणुकीचा निकाल कतीफच्या कपाटात ठरलेला आहे.

ते पडत होते त्याचं कारण त्यांनीच एका कार्डात लिहिलं होतं. भाषणात ते म्हणायचे, मी घाबरट माणूस आहे, समुद्राला घाबरतो, तुम्हीही घाबरा. गावाला त्सुनामीचे भोंगे हवेत, टेकडीवर जायच्या पायऱ्या हव्यात, महिन्यातून एकदा सगळ्यांनी त्या चढायच्या, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन. विरोधक म्हणायचे, घाबरटाला मत कोण देणार? तिसऱ्या खेपेला दिलं. पुढे ते गावचे प्रमुख झाले, मग प्रांताच्या विधानसभेत गेले. फोटोंत केस पांढरे होत गेले, हातमोजे तेवढेच पांढरे. एका फोटोत टेकडीच्या पायऱ्यांवर सगळं गाव धापा टाकत बसलं होतं आणि काका एका आजीबाईंना पाठीवर घेऊन हसत होते. माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलं. पूर्ण नाही. हे मी काढलेल्या डोळ्यामुळे झालं नव्हतं, डोळा असूनही झालं होतं.

मागच्या दोन जानेवारीत कार्ड आलं नाही.

आणि आता हा बाहुला. बरोबर त्यांच्या मुलीचं, मिओचं पत्र, इंग्रजीत. माझे बाबा शांतपणे गेले, तिनं लिहिलंय. आमच्याकडे असे बाहुले वर्ष सरलं की देवळात नेऊन जाळतात. बाबांनी दर निवडणुकीचा बाहुला जाळला, पण हा कधीच दिला नाही, टेबलावर ठेवला. कोणी विचारलं तर म्हणायचे, याचा एक डोळा माझा नाही, एका लहान मुलीचा आहे. तुमचा पत्ता तुमच्या आईच्या पत्रांवर मिळाला. बाहुल्याच्या बुडाशी बाबांनी आपली इच्छा लिहिली आहे, तुम्हाला जपानी येत नसेल म्हणून अर्थ खाली देते.

मी बाहुला उलटा केला. बुडाशी बारीक, फिकट अक्षरांची उभी ओळ. पत्रात तिचा अर्थ होता.

"उद्या सकाळी बसमध्ये चढायला माझ्या पायांना जमू दे."

एवढंच. सोळा माणसांचं काही नव्हतं. परत येण्याचंही काही नव्हतं.

चार वेळा बांधलेली नाडी. पायरीवरचा पाय. बस सकाळी सुटली होती आणि मी डोळा काढला तेव्हा दुपार होती, आई पिंट्याला घेऊन झोपली होती.

"काय गं, काय लिहिलंय?" आईनं विचारलं. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, कानानं कमी, बाकी सगळ्यानं पुरेपूर. मी तिला तो डोळा मी काढला होता हे आधी सांगितलं, मग बुडाशी काय लिहिलंय ते.

"तो डोळा तूच काढलेलास हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "डबीत करंगळीएवढा खड्डा होता. पिंट्याची बोटं तेवढी नव्हती."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू घाबरली होतीस. त्यात मी आणखी काय बोलायचं?"

मग तिनं हात पुढे केला. मी बाहुला दिला. तिनं पदरानं त्याचं पोट पुसलं, डोळे पुसले नाहीत, आणि उठून हळूहळू स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याशी गेली. गणपती जरा सरकवला.

"बसा टोकिवाभाऊ," ती म्हणाली.

उदबत्ती लावली. मी उठून खिडकी सताड उघडली. धूर बाहेर गेला, जिन्यातही गेला, आणि समोरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "आज काय हो, कसली पूजा?"